आपलं पाखंड

अळूचं पान उपडं ठेवायचं, मधल्या जाड शिरेवर सुरी आडवी धरायची आणि पान न फाडता शीर तासून काढायची. आमच्या घरात हे काम अण्णाकाकांइतकं नीट कोणाला जमत नाही. पितृपक्षात आजोबांच्या श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी ते पडवीत मांडी घालून बसतात, हाताला खोबरेल चोळतात आणि तासाभरात वीस-पंचवीस पानं अशी सपाट करून ठेवतात की पुढे बेसन फासणाऱ्याला काही करायला उरत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते पाटावर बसत नाहीत. गुरुजी येतात, बाबा सोवळं नेसतात, पिंडाचा भात निवत ठेवला जातो आणि अण्णा ओटीवर पेपर उघडून शब्दकोडं सोडवत बसतात. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे. गेल्या वर्षी श्राद्धाच्या दिवशी पानं वाढताना अण्णा पाणी प्यायला आत डोकावले आणि आत्या, म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण, ओरडली, “पाखंडी मेला! सर मागं. तुझी नजर पडली पानावर तर पितर उठून जातील.” अण्णा हसले आणि तांब्या घेऊन बाहेर गेले. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर पसरलेले असताना कुठल्याशा बाबाच्या अटकेची बातमी लागली. निवेदक तारस्वरात ‘पाखंडी बाबा, पाखंडी बाबा’ करत होता. माझी नऊ वर्षांची भाची थोडा वेळ पडद्याकडे, थोडा वेळ अण्णांकडे बघत राहिली आणि मग मला हळूच विचारलं, “आत्या, अण्णाआजोबा आधी बाबा होते का गं?”

सगळ्यात जास्त हसले ते अण्णाच. मला मात्र रात्री नीट झोप लागली नाही.

पोरीचं काय चुकलं? एकाच दिवसात तो शब्द तिने दोनदा ऐकला. एकदा देवाधर्माचं काही न करणाऱ्या माणसासाठी आणि एकदा देवाधर्माचं दुकान मांडून बसलेल्या माणसासाठी. हे दोघे एका खोलीत बसले तर चहासुद्धा संपायचा नाही त्यांचा एकत्र. दोघांना एकच शिवी कशी पुरते? आणि माझ्या कानात तर तिसराच अर्थ मुरलेला आहे. आमची आजी तो शब्द ‘पाखांडी’ असा खा लांबवून म्हणायची. नैवेद्य दाखवायच्या आधी मी मोदकाची कळी मोडून खाल्ली की पाखांडी. मांजरीने दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं की ती पाखांडी. वाळत घातलेल्या सोवळ्याला खेळताना हात लागला की पाठीत धपाटा आणि त्यावर तोच शब्द. त्यात राग असायचा, पण धपाट्यानंतर पाठीवरून फिरणाऱ्या हाताचा खरखरीतपणाही असायचा. चंदन उगाळून उगाळून तिचा अंगठा एका बाजूने चपटा झाला होता. त्या अंगठ्याची आणि या शब्दाची माझ्या मनात इतकी गाठ बसली आहे, की पुढे कित्येक वर्षं मी ‘पाखंडी’चा अर्थ ‘द्वाड’ असाच समजत होते.

शब्दाचं जुनं घर मी पाहिलं होतं, पण ते तेच घर आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. गिरनारला गेलेल्या मराठी माणसांना जुनागढ सांगायला नको. रात्री बाराच्या सुमारास तळेटीला काठ्या घ्यायच्या आणि ‘अवधूत चिंतन’ म्हणत चढायला लागायचं, म्हणजे उजाडायला दत्ताच्या पादुकांशी. दहा हजारांच्या आसपास पायऱ्या. आमच्या गटात बहुतेक सगळे पन्नाशीच्या पुढचे, गुडघ्यांना पट्टे, खिशात लिंबाच्या गोळ्या. अंधारात नेमिनाथांची जैन देरासरं, म्हणजे मंदिरं, लागतात, पुढे अंबाजी, मग गोरखनाथांचं शिखर आणि शेवटी गुरुशिखर. तिथली पावलं कोणी दत्ताची म्हणतं, कोणी नेमिनाथांची आणि त्यावरून कोर्टकज्जेही झालेत. शेजारच्या दातारच्या डोंगरावर पिराचं ठाणं आहे. मी त्या रात्री हे काही पाहिलं नाही. पुढच्या बाईच्या पाठीवरची पिशवी आणि बॅटरीच्या उजेडातली पायरी, एवढंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाय असे भरून आले होते की रिक्षावाल्याने शहरातून तळेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीपाशी रिक्षा थांबवून “अशोक का पत्थर देखोगे?” म्हटल्यावर निम्मे लोक उतरलेच नाहीत. मी उतरले, ते खरं म्हणजे सावली होती म्हणून.

आत एक भलाथोरला खडक. कोणी कापून आणलेला, घडवलेला असा नाही, जिथे होता तिथेच बसलेला, आणि त्याच्या भोवती माणसांनी भिंती बांधल्या आहेत. हत्ती बसल्यासारखा. अंगभर बारीक अक्षरं. अशोकाचे चौदा लेख आहेत. त्याच खडकावर पुढे चारेकशे वर्षांनी, इसवी सन 150 च्या सुमारास, रुद्रदामन या क्षत्रप राजाने इथल्या सुदर्शन तलावाचा बांध फुटल्याची आणि दुरुस्त केल्याची हकिगत कोरवली, आणि नंतर गुप्तांच्या काळात पुन्हा तोच तलाव, पुन्हा तोच बांध. म्हणजे धर्मावर बोलणारा एक आणि पाटबंधाऱ्यावर बोलणारे दोन. मला तेव्हा त्या दोघांबद्दल जास्त आपुलकी वाटली. खडकाला हात लावायची मनाई होती. आत गार होतं, कबुतरांचा वास होता आणि माझ्या पिंडऱ्या ठणकत होत्या. ती अक्षरं 1837 पर्यंत कोणाला वाचता येत नव्हती हे मला माहीत होतं. जेम्स प्रिन्सेप या इंग्रजाने ती लावली, हे शाळेत पाठ केलेलं. मी फलकावरचं भाषांतर अर्धवट वाचलं, एक फोटो काढला आणि रिक्षात बसले.

त्या श्राद्धाच्या रात्री झोप येईना म्हणून मी तो फोटो शोधून काढला. बाराव्या लेखाचा देवनागरीतला पाठ शेजारी उघडला आणि मोठा करून करून अक्षरं लावत बसले. गळासारखा वाकलेला प, त्याला एक बारीक आडवी रेघ, तोच काना. मग स, त्याच्या बाजूला टिंब, मग ड. पासंड. एकदा ओळख पटल्यावर तो शब्द जागोजागी दिसायला लागला, एवढ्याशा लेखात डझनभर वेळा तरी. सुरुवातच अशी आहे, की देवांना प्रिय असलेला प्रियदर्शी राजा ‘सवपासंडानि’ पूजतो, म्हणजे सगळ्या पासंडांना मान देतो, मग ते घर सोडलेले असोत की घरातले. पासंड म्हणजे पंथ. चांगला नाही, वाईट नाही, नुसता पंथ. पुढे तो म्हणतो की दान आणि पूजा ठीक आहे, पण मला त्याहून मोठी वाटते ती सगळ्या पासंडांच्या साराची वाढ, आणि तिचं मूळ आहे ‘वचिगुती’. वाचेला आवर. उगाच स्वतःच्या पंथाची थोरवी गाऊ नये, उगाच दुसऱ्याच्या पंथाला नावं ठेवू नयेत. आणि इथे त्याने जो शब्द वापरला आहे त्यावर मी अडकले. ‘आत्पपासंड’. आपला पासंड. राजा स्वतःच्या धर्माबद्दल बोलतो आहे, त्याला माझं पाखंड म्हणतो आहे आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

माझं पाखंड. मोठ्याने म्हणून पाहिलं. जिभेला जड गेलं.

तो काही एकटाच असं म्हणत नव्हता. ओडिशात उदयगिरीच्या हाथीगुंफेत खारवेल राजाचा लेख आहे. स्वतः जैन असलेला हा राजा ‘सवपासंडपूजको’ हे आपलं बिरुद म्हणून मिरवतो. आज कोणा मंत्र्याने आपल्या कार्डावर ‘सर्व पाखंडांचा पूजक’ छापून दाखवावं! आणि अशोकाचे लेख कंदाहारला ग्रीकांसाठी ग्रीकमध्ये उतरवले गेले, ज्याचा तुकडा 1963 मध्ये सापडला, तिथे पासंडाला प्रतिशब्द घेतला आहे ‘दियात्रिबे’. म्हणजे तत्त्वज्ञांची शाळा, त्यांचं एकत्र बसणं, वेळ घालवणं. अण्णा आणि त्यांचे तीन मित्र रोज संध्याकाळी पारावर जे करतात ते, असं मला उगाच वाटून गेलं.

अशोकाला फार डोक्यावर घेऊ नये म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकते. वाचेला आवर घाला म्हणणारा हाच राजा नवव्या लेखात बायकांच्या मंगलकार्यांबद्दल लिहितो, की बायका पुष्कळ आणि नाना प्रकारची ‘छुदं च निरथं च’ मंगलं करतात. क्षुद्र आणि निरर्थक. त्या लेखाचा एक तुकडा आपल्या नालासोपाऱ्याजवळही 1956 मध्ये मिळाला. म्हणजे आपल्याकडच्या बायकांपर्यंतही राजाचं मत पोचलेलं होतं. पंथापंथांत समजूत घडवताना बायकांची बोळकी, वाणं, ओट्या त्याच्या हिशोबात पंथ म्हणून आल्याच नाहीत. आजीच्या कानावर हे गेलं असतं तर अशोकाला पाखांडी म्हणायला तिला क्षणही लागला नसता. आणि धपाटाही मिळाला असता.

मग शब्द बिघडला कुठे? शास्त्री मंडळींनी एक व्युत्पत्ती दिलेली आहे, ऐकायला फार चपखल. ‘पा’ म्हणजे वेदधर्माचं पालन, त्याचं जो खंडन करतो तो पाखंड. गंमत अशी की जुन्या शब्दात ‘खंड’ नाहीच. तो पासंड आहे, संस्कृतात गेल्यावर पाषंड झाला आणि उत्तरेकडे ष चा उच्चार ख करण्याची सवय, म्हणून पाखंड. शुक्ल यजुर्वेदी ब्राह्मण आजही मंत्रात ष चा ख म्हणतात. म्हणजे आधी उच्चार घसरला, त्यातून ‘खंड’ ऐकू आलं आणि मग त्या ऐकू आलेल्या खंडावर धर्म मोडल्याचा आरोप रचला गेला. अशा आरोपांची आपल्याला सवय आहे म्हणा. अभ्यासकांचा कल दुसरीकडे आहे. वायव्येला शाहबाजगढीच्या खडकावर, अशोकाच्याच लेखात, हाच शब्द ‘प्रषंड’ असा र घेऊन येतो, त्यावरून त्याचं नातं परिषद, पार्षद यांच्याशी जोडतात. एकत्र बसणारी माणसं, सभा. तसं असेल तर आपल्या नगरपरिषदा, साहित्य परिषदा आणि पाखंड ही एका आजीची नातवंडं. काही सभांना हजेरी लावल्यावर मला हे सहज पटतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाषंडांना राहायला जागा दिली आहे ती मसणवट्याच्या कडेला, चांडाळांबरोबर. मनुस्मृती आणखी पुढे जाते. चौथ्या अध्यायात पाषंडी, लबाड, तर्कट यांची एक यादी आहे आणि त्यांचा ‘वाङ्मात्रेणापि’ सत्कार करू नये असं सांगितलं आहे. नुसत्या शब्दानेही नाही. अशोकाच्या वचिगुतीशेजारी हे वाचलं की अंगावर काटा येतो. दोघांनाही वाणी महत्त्वाची वाटते. एक म्हणतो, दुसऱ्याबद्दल वाईट बोलताना जीभ आवर. दुसरा म्हणतो, चांगलं बोलताना आवर.

पण माझ्या आत्याचं वाक्य जिथून आलं ती जागा विष्णुपुराणात सापडली. तिथे श्राद्धाचे नियम सांगताना, पाषंडी वगैरेंची दृष्टी श्राद्धावर पडू नये, पडली तर देव-पितर ते ग्रहण करत नाहीत, असं येतं. आत्याने विष्णुपुराण वाचलेलं नाही, तिच्या आईनेही नसेल. वाक्य मात्र पडवीतून माजघरात यावं तसं सरळ तिच्यापर्यंत आलं. आणि पाठोपाठ तिथे एका राजाची गोष्ट आहे. शतधनू नावाचा राजा आणि त्याची राणी शैब्या कार्तिकी पौर्णिमेचा उपास करून गंगेत नाहून वर येतात. समोर एक पाषंडी भेटतो. तो राजाच्या धनुर्विद्येच्या गुरूचा मित्र. गुरूचा मान राखायचा म्हणून राजा त्याच्याशी दोन शब्द बोलतो. राणी बोलत नाही, सूर्याकडे बघत राहते. बस, एवढंच. या दोन शब्दांपायी राजा मेल्यावर कुत्रा होतो, मग कोल्हा, लांडगा, गिधाड, कावळा, मोर. राणी पुन्हा एका राजघराण्यातच जन्मते, तिला सगळं आठवत असतं, आणि ती प्रत्येक जन्मात त्याला शोधून काढून सांगते की अहो, आठवा, तुम्ही कोण होता ते. कुत्र्याला पंचपक्वान्न खायला घातल्यावर तो शेपूट हलवत लाडात येतो आणि ती शरमून त्याला नमस्कार करते, हे चित्र ज्याने लिहिलं त्याच्या लेखणीला मी हात जोडते. शिक्षा मात्र मला आजही पचत नाही. गुन्हा काय, तर ओळखीच्या माणसाची विचारपूस. श्राद्धाच्या दिवशी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवून आम्ही काव काव करत उभे असतो, तेव्हा यंदा मला वाटलं की येणारा कावळा कोणाशी तरी नीट बोललेला असणार.

मराठीत येईपर्यंत शब्दाचं वजन ठरून गेलं होतं. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात, मराठीच्या नगरीत ब्रह्मविद्येचा सुकाळ कर म्हणून जिथे मागणं आहे, तिथेच ‘पाखांडाचे दरकुटे’ मोडून टाक अशीही विनवणी आहे. कडेकपारी, वाटमारीच्या जागा. तुकोबा कळवळून म्हणतात, ‘पाखांड्यांनीं पाठी पुरविला दुमाला’. पाखंडी पाठ सोडत नाहीत, छळून प्रश्न विचारतात. तुकोबांना छळणारे कोण होते हे आपल्याला माहीत आहे. ती माणसं स्वतःला धर्माची राखणदार समजत असणार. म्हणजे मनूच्या काळी वेशीबाहेर असलेला पाखंडी तुकोबांच्या अभंगात वेशीच्या आत येऊन, पोथी घेऊन बसला. तिथून टीव्हीवरच्या बाबापर्यंतचं अंतर फार नाही. शब्द एवढा फिरला, सगळ्या बाजूंनी वापरून झाला, पण एक गोष्ट अशोकानंतर हरवली ती परत आली नाही. ‘आत्प’ गळून पडलं. पाखंडी तो असतो, ते असतात, तू असतोस. मी कधीच नसते.

अशोकाचं स्वतःचं नाव तरी कुठे वाचलं? ‘देवानांप्रिय’ हे ज्याने खडकाखडकांवर कोरवलं, त्या बिरुदाचा अर्थ व्याकरणाच्या पंडितांनी पुढे ‘मूर्ख’ असा नोंदवला. पतंजलीच्या महाभाष्यात ते अजून सरळ, आदराचं संबोधन आहे. सतराव्या शतकातल्या सिद्धान्तकौमुदीत पोचेपर्यंत शेजारी ‘मूर्खे’ चिकटलेलं. यामागे बौद्धांवरचा राग होता, की ‘देवमाणूस’ म्हणता म्हणता आपण जसा ‘भोळसट’ असा अर्थ घेतो तसं काही घडलं, यावर भांडणारे भांडतात. मला आपलं दुसरं पटतं. अण्णांना गावात सगळे देवमाणूस म्हणतात आणि उसने पैसे परत देत नाहीत.

यंदा पुन्हा आजोबांची तिथी आली. पाऊस अजून पुरता सरला नव्हता, पडवीत ओल होती आणि अळूच्या पानांवर पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे इकडून तिकडे पळत होते. भाची दहा वर्षांची झाली आहे. मधल्या काळात तिला मी राजाची आणि कुत्र्याची गोष्ट सांगून झाली होती, अशोकाच्या दगडाचा फोटो दाखवून झाला होता. तिला गोष्टीतला मोर आवडला, दगड फारसा नाही. ती अण्णांच्या शेजारी उकिडवी बसली होती, एकेक पान पुसून त्यांच्या हातात देत होती. आत्या पलीकडे चिंचेचा कोळ काढत होती. मी मान खाली घालून बेसन चाळत होते. आणि पोरीने, दूधवाला आला का विचारावं इतक्या सहज, विचारलं, “अण्णाआजोबा, तुमचं पाखंड कोणतं?”

कोळात फिरणारा आत्याचा हात थांबला. माझी चाळण थांबली. अण्णांनी चष्म्यावरून एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हे कोणी शिकवलं ते त्यांना कळलं असावं. हातातलं पान त्यांनी उपडं केलं, सुरी आडवी धरली, अर्धी शीर काढली. मग थांबले. त्यांना असं कोणी ‘कोणतं’ म्हणून कधी विचारलं नसणार. गेली चाळीस वर्षं त्यांच्याकडे काहीच नाही असं धरून घर चाललं आहे.

“माझं?” ते म्हणाले. “सांगतो. एवढी पानं होऊ देत.”

“काही सांगू नकोस तिला,” आत्या म्हणाली, आणि आपल्याजवळची अळूची दुसरी जुडी सरकवून त्यांच्यापुढे ठेवली. “आणि शिरा नीट काढ. मागच्या वर्षी एक वडी घशाला खाजली होती मला.”